रोजचे ओझे रोज उतरावे



मी वक्ता नाही. मी एक जुना गिरणी कामगार आणि त्यानंतरचा जुना वॉचमन. आयुष्यात दारावर उभा राहिलो, व्यासपीठावर कधी उभा राहिलो नाही. तरी गुरुजींनी आज मला बोलावले, त्याला कारण घडले आहे.

मागच्या आठवड्यात या वर्गातल्या एक बाई पाटी घेऊन गुरुजींकडे आल्या. म्हणाल्या, "गुरुजी, ही पाटी ठेवून घ्या. उद्यापासून मी येत नाही. दिवसभर लादी पुसायची, घरी गेलं की चूल, आणि इथं आलं की डोळे मिटतात. अक्षरांनी काय पोट भरतं का?"

गुरुजी रागावले नाहीत. त्यांनी पाटी ठेवून घेतली आणि मला निरोप धाडला, "दादा, तुम्ही येऊन चार शब्द सांगा. तुम्ही या वाटेने गेला आहात."

खरे आहे. मी या वाटेने गेलो आहे, आणि वाटेत पडलोही आहे. म्हणून आज उपदेश करणार नाही. मी कुठे पडलो आणि कसा उठलो, तेवढेच सांगतो.

माझे गाव सातारा जिल्ह्यात, माण तालुक्यात. १९७२ च्या दुष्काळात विहिरी आटल्या. आम्ही सरकारी कामावर खडी फोडली, सुकडी खाल्ली. शेवटी माझे चुलते मला मुंबईला घेऊन आले. त्यांना आम्ही आप्पा म्हणत असू. आप्पा एका कापड गिरणीत साचे चालवीत. त्यांच्या शब्दावर जॉबरने मला बदली कामगार म्हणून घेतले.

बदली कामगार म्हणजे काय, हे आताच्या मुलांना ठाऊक नाही. रोज गिरणीच्या दारात जाऊन उभे राहायचे. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी काम मिळायचे. सगळे आले तर रिकाम्या हाताने परत. गिरण्यांच्या तीन पाळ्या असत. पहिली सकाळी सातची, दुसरी दुपारी साडेतीनची, तिसरी रात्री बाराची. मी कधी एका पाळीला जाई, कधी दुसऱ्या. एका खोलीत आम्ही वीस जण राहत होतो. ज्याची पाळी सुटे, त्याची वळकटी उघडे. जेवण खानावळीत.

माझे काम कापूस फोडायच्या खात्यात होते. गाठी सोडायच्या, कापूस यंत्रात घालायचा. हवेत सगळा तंतूच तंतू. केस पांढरे, भुवया पांढऱ्या. अठरा वर्षांचा मी संध्याकाळी म्हातारा दिसे. सुट्टीनंतर कामावर गेले की पहिल्या दिवशी छाती आवळून येई. आम्हाला वाटे, सुट्टीने अंग आळसावले. पुढे डॉक्टरांकडून कळले की कापसाच्या धुळीने होणारा हा छातीचा रोगच आहे, आणि सुट्टीनंतरच्या पहिल्या दिवशी तो जास्त जाणवतो. म्हणजे दोष आमच्या आळसाचा नव्हता. धुळीचा होता. हे वाक्य लक्षात ठेवा, मी पुन्हा त्याकडे येणार आहे.

आप्पांची एक सवय मी तेव्हा पाहिली. पाळी सुटली की ते नळावर हातपाय धूत. टोपी झटकत. मग चाळीच्या ओट्यावर दहा मिनिटे नुसते बसत. बोलत नसत, विडी ओढत नसत. मी एकदा विचारले, "आप्पा, घर दोन पावलांवर आहे. इथं का बसता?"

ते म्हणाले, "आरं, गिरणी आठ तासांची. तिला आठ तास दिलं. आता ही धा मिंटं माझी. गिरणी हितंच उतरवून ठिवतो, मगच उंबरा वलांडतो. न्हाईतर ती माझ्यासंगं घरात शिरती, आन् पोरांच्या अंगावर जाती."

मला तेव्हा हसू आले. पुढे रडू आले.

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. दत्ता सामंत हे पुढारी होते. संप वर्षाहून जास्त लांबला. कितीतरी गिरण्या पुन्हा नीट चालल्याच नाहीत, आणि माझ्यासारख्या हजारो माणसांचे काम कायमचे गेले. त्या संपाबद्दल बोलायला एक रात्र पुरायची नाही. मी फक्त माझ्या घराचे सांगतो. घरात बायको, तीन वर्षांची मुलगी. बायको चार घरची भांडी घासू लागली. मी एका ठेकेदाराकडे वॉचमन झालो. रात्री आठ ते सकाळी आठ. बारा तास. आठवड्याची सुट्टी नाही. आला दिवस तो पगाराचा, न आला दिवस तो तोट्याचा.

गिरणीचे काम जड होते, पण तिथे सोबत होती. शेजारी माणूस होता, दुपारी डबा होता, भोंगा वाजला की सुटका होती. इथे एक लोखंडी दार आणि मी. काम हलके, पण दिवस संपतच नसे. सकाळी घरी येऊन झोपावे, तर चाळीत सगळ्यांचा दिवस सुरू झालेला. चार तास झोप झाली तर खूप. पाय सुजत. डोके कायम तापलेले. मग एका सोबत्याने सांगितले, "नवटाक घे, झोप लागेल." झोप लागली. पुढे तिच्यावाचून लागेना.

अशी पाच वर्षे गेली. एके दिवशी सकाळी मुलगी शाळेचे प्रगतिपुस्तक घेऊन समोर आली. तिसरीत होती. म्हणाली, "बाबा, सही करा. बाईंनी आजच मागितलंय."

मला सही येत नव्हती. मी म्हटले, "डोळे दुखतात. नंतर."

ती म्हणाली, "बाबा, तुम्हाला लिहिता येत नाही का?"

मी तिच्या तोंडात मारली.

तिने आवाज केला नाही. प्रगतिपुस्तक खाली पडले ते उचलले आणि फडताळाजवळ जाऊन उभी राहिली. बायको भांडी घासून नुकतीच आली होती. ती दारातच थांबली. हळू आवाजात म्हणाली, "थकला तुम्ही. ते मला दिसतं. पण थकवा तुमचा, आणि मार तिला का?"

मंडळी, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजही नाही. आप्पांचे म्हणणे मला त्या दिवशी कळले. मी बारा तासांचे ओझे रोज घरात आणत होतो, आणि घरातल्या सगळ्यात लहान माणसाच्या अंगावर टाकत होतो.

त्या दिवशी मी झोपलो नाही. दुपारी मुलगी शाळेतून आली, तेव्हा तिला म्हटले, "मला शिकव."

तिने एका कागदावर एक अक्षर काढून दिले. मी ते खिशात घालून कामावर गेलो. दाराशी दिव्याखाली बसून पाटीच्या तुकड्यावर ते गिरवले. रोज एक अक्षर. कधी तेही जमत नसे. झोप येई, हात अडे, अक्षर उलटे होई. मुलगी तांबड्या पेन्सिलीने खूण करी, "चूक." मला राग येई. पण आता राग आला की मी ओट्यावर जाऊन दहा मिनिटे बसत असे.

सही यायला तीन महिने लागले. वाचायला वर्ष लागले.

आता अक्षरांनी पोट भरते का, ते सांगतो.

आमची हजेरी एका मोठ्या मस्टरवर लागे. महिन्याच्या शेवटी मुकादम मस्टर पुढे करी, आम्ही अंगठा उठवी. वाचता येऊ लागल्यावर एका महिन्याला मी अंगठ्याची शाई पुसली आणि म्हटले, "थांबा, वाचतो." माझ्या नावापुढे २६ दिवस लिहिले होते. मी ३० दिवस उभा होतो. एकही खाडा नव्हता.

मी भांडण केले नाही. दुसऱ्या दिवसापासून वही ठेवली. तारीख, कामावर आलो ती वेळ, सुटलो ती वेळ. दोन महिने लिहिले. दोन्ही महिन्यांत मस्टरवर चार चार दिवस कमी. मग वही घेऊन, आणखी तीन सोबती घेऊन, ठेकेदाराच्या कचेरीत गेलो. पहिल्या दिवशी हाकलून दिले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. तिसऱ्या दिवशी ठेकेदाराने वही चाळून पाहिली. आम्हा चौघांचेही दोन महिन्यांचे आठ आठ दिवस भरून दिले. त्याआधीची पाच वर्षे गेली ती गेली. पण पुढे आमचा एकही दिवस कापला गेला नाही.

आता मघाचे वाक्य आठवा. दोष माझ्या आळसाचा नव्हता, धुळीचा होता. थकवा दोन जातींचा असतो. एक थकवा अंगाचा. तो जेवून, झोपून, पाय चेपून जातो. दुसरा थकवा झोपेने जात नाही. आपले काम कोणी मोजत नाही, आपला दिवस कोणी चोरतो आणि आपल्याला कळत नाही, त्याचा तो थकवा. पहिल्या थकव्यावर औषध विश्रांती. दुसऱ्यावर औषध हिशेब. आणि हिशेबाला अक्षरे आणि आकडे लागतात.

हे मीच शोधले असे नाही. आपल्या आधीच्या माणसांनी हे ओळखले होते. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी पुण्यात कष्टकरी माणसांसाठी रात्रीची शाळा काढली. दिवसभर राबलेली बाया-माणसे रात्री दिव्याखाली बसत. त्यांनाही झोप येतच असेल.

आणि तुमची आमची आठवड्याची सुट्टी आभाळातून पडली नाही. पूर्वी गिरण्यांत उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत काम चाले. सुट्टीचा नेम नसे. नारायण मेघाजी लोखंडे हे फुल्यांच्या सत्यशोधक समाजातले कार्यकर्ते. ते स्वतः एका गिरणीत भांडारात कामाला होते. त्यांनी १८८४ साली मुंबईत कामगारांच्या सभा घेतल्या. साडेपाच हजार कामगारांच्या नावाने अर्ज केला. मागण्या साध्या होत्या. आठवड्याला एक दिवस सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. पगार वेळेवर. काम करताना इजा झाली तर भरपाई. १८९० साली मुंबईत दहा हजार कामगारांची सभा भरली. त्या सभेत दोन कामगार बायाही बोलल्या. त्याच वर्षी गिरणीमालकांच्या संघाने आठवड्याची सुट्टी मान्य केली.

पुढे कायद्याने कामाचे तास हळूहळू उतरत गेले. १९२२ साली आठवड्याला ६० तास. १९३४ साली ५४. १९४६ साली ४८, आणि १९४८ च्या कारखाना कायद्यातही तेच ४८ तास राहिले. एकेक तास उतरायला वर्षे लागली. त्यानंतर २०२० साली संसदेने कामगारांचे जुने कायदे एकत्र करून नव्या संहिता केल्या. त्याही म्हणतात की आठवड्यातून सहा दिवसांपेक्षा जास्त काम घेऊ नये, आणि जादा कामाला दुप्पट दर द्यावा. आपल्या ठिकाणी काय लागू होते ते विचारून घ्या. पण विचारायला आधी आपण किती तास काम केले ते सांगता आले पाहिजे.

आता रोजच्या दिवसाचे चार शब्द. मी जे करून पाहिले तेच सांगतो.

पहिली गोष्ट, आप्पांची दहा मिनिटे. काम सुटल्यावर घरात शिरण्याआधी कुठेतरी थांबा. ओटा, पार, देवळाची पायरी, बसथांबा, काहीही चालेल. हातपाय धुवा. साहेब काय बोलला, मुकादम काय बोलला, ते तिथेच ठेवा. उद्या ते तिथेच मिळेल, त्याची काळजी नको.

दुसरी गोष्ट, झोप. झोप ही चैन नव्हे. मोठ्या माणसालाही सात तास झोप हवी. रात्रपाळी असेल तर दिवसा खिडकीला जाड कापड लावा. कानात कापूस घाला. पाळी सुटताना चहा घेऊ नका, तो झोप पळवतो. आणि झोपेसाठी नवटाक घेऊ नका. ती आधी झोप देते आणि मग घर नेते. मला ती सोडायला दोन वर्षे लागली. सोडताना दोनदा घसरलो. तेव्हा कोणी घसरला तर त्याला हसू नका, त्याला हात द्या.

तिसरी गोष्ट, पाय. तुमच्यातले कितीतरी जण दिवसभर उभे असता. दुकानात, दारावर, यंत्रापुढे. एका विटेवर किंवा पाटावर आळीपाळीने पाय टेकवा. दर तासाला चार पावले चाला. घरी आल्यावर पाय भिंतीला वर लावून जरा पडा. पण बसायला मिळणे हाही हक्क आहे, हे विसरू नका. केरळात कापडाच्या दुकानांत काम करणाऱ्या बायांना दिवसभर बसू देत नसत. त्या बाया एकत्र आल्या, वर्षानुवर्षे मागणी केली, आणि २०१८ साली त्या राज्याने कायद्यात बदल करून त्यांना बसण्याचा हक्क दिला. एका स्टुलासाठी कायदा करावा लागला! पण झाला.

चौथी गोष्ट मी भावांना सांगतो. बहिणींनी ऐकली तरी हरकत नाही. आपली पाळी संपते, बाईची संपत नाही. गिरणगावात आम्ही तीन पाळ्या करत होतो. आमची खानावळवाली तिन्ही पाळ्यांचे डबे भरी. तिला चौथी पाळी कोणती होती, आम्ही कधी विचारले नाही. माझी बायको दिवसभर भांडी घासून यायची आणि घरी पुन्हा भांडी घासायची. मुलीला मारले त्या दिवसापासून मी घरची भांडी घासू लागलो. चाळीतले लोक हसले. आठ दिवस हसले. मग दमले आणि गप्प झाले. भांडी मात्र मी आजही घासतो.

पाचवी गोष्ट, वही. रोज एक ओळ लिहा. तारीख, आलो किती वाजता, सुटलो किती वाजता, जादा काम किती. महिन्याच्या शेवटी पगाराच्या चिठ्ठीशी ताडून पाहा. भविष्य निधी कापला जात असेल तर तिथे बारा आकड्यांचा एक नंबर असतो. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. साधारणपणे मूळ पगार आणि महागाई भत्ता मिळून दर शंभर रुपयांमागे बारा रुपये तुमचे कापतात, आणि तेवढेच मालकाने घालायचे असतात. ते जमा होतात की नाही, हे पाहणे म्हणजे कोणावर संशय घेणे नव्हे. स्वतःच्या घामावर लक्ष ठेवणे आहे.

आणि एक गोष्ट सांगून ठेवतो. या पाच गोष्टी केल्या म्हणजे काम हलके होईल, असे मी म्हणत नाही. बारा तास ते बारा तासच. दहा मिनिटे ओट्यावर बसून बारा तासांचे आठ होत नाहीत. त्याला चार माणसे एकत्र यावी लागतात, जशी त्या वहीपाठी आम्ही आलो. पण आपण मोडून पडलो तर त्या चार माणसांत उभे कोण राहणार? म्हणून आधी आपले माणूसपण राखायचे. ओझे रोजचे आहे, तर ते रोज उतरवायचे. उद्यावर ठेवले की त्याची रास होते.

माझी ती मुलगी आज शिक्षिका आहे. एकदा धीर करून मी तिला विचारले, "तुला तो दिवस आठवतो का?" ती म्हणाली, "आठवतो. पण त्याच दुपारी तुम्ही 'मला शिकव' म्हणालात, ते जास्त आठवतं." मी तिला माफी मागितली. इतक्या वर्षांनी मागितली. तुम्ही इतका उशीर करू नका.

आता त्या बाईंविषयी. त्या आज वर्गात आल्या आहेत की नाही, मला ठाऊक नाही. मी मान वर करून शोधणारही नाही. त्या दमल्या, यात त्यांचा काही गुन्हा नाही. त्यांना कोणी आळशी म्हणू नका. गुरुजींना मी एवढेच सांगितले आहे की, त्यांची पाटी कपाटात घालू नका. दारापाशी, हाताला येईल अशी ठेवा. रोज नाही तर आठवड्यातून दोन दिवस यावे. पाच अक्षरे नाही तर एक काढावे. एक अक्षर काढायला जेवढा वेळ लागतो, तेवढा वेळ दमलेल्या माणसाजवळही असतो. तो माझ्याजवळ होता.

घड्याळात साडेनऊ होत आले. तुम्हाला सकाळी कामावर जायचे आहे. मी जास्त बोलून तुमची झोप खाणार नाही. पाटी घ्या, आजचे एक अक्षर काढा, आणि घरी जा. जाताना वाटेत दहा मिनिटे थांबायला विसरू नका.

रामराम.